साडेतीनचं जहाज

श्रीनिवासांनी माझ्याकडे फक्त एक कॉलम मागितला होता. मी दिला नाही. गोष्ट खरं तर एवढीच आहे, पण एवढ्यावर थांबले तर मी फार स्वस्तात सुटेन, म्हणून सगळं सांगते.

मी शैला. वय एकोणसाठ. तीस वर्षं बँकेच्या ऑपरेशन्समध्ये काढली आणि गेल्या वर्षी निवृत्त झाले. सिंगापूरला मरीन परेडच्या एका जुन्या ब्लॉकमध्ये अकराव्या मजल्यावर मी आणि माझे यजमान, श्रीनिवास, असे दोघंच राहतो. मुलगा रुचिर मायामीला असतो. येत्या जानेवारीत त्याच्याकडे जायचं, आणि तिथून सात दिवसांची कॅरिबियन क्रूझ करायची असं ठरलं होतं. बरोबर रवींद्र आणि स्मिता. रवींद्र श्रीनिवासांचा ऑफिसातला जुना मित्र, स्मिता त्याची बायको आणि आता माझी मैत्रीण. ते चोआ चू कांगला राहतात, म्हणजे बेटाच्या पार दुसऱ्या टोकाला, पण बोलावलं की येतात बिचारे.

"सिंगापूरहून ढिगाने बोटी सुटतात, त्या सोडून तिकडे कशाला मरायला जाताय?" असं आम्हाला दहा जणांनी विचारलं. कारण श्रीनिवास. सेंट मार्टिन नावाच्या बेटावर माहो म्हणून एक बीच आहे. विमानतळाची धावपट्टी तिथे अगदी वाळूला लागून सुरू होते, त्यामुळे उतरणारी विमानं लोकांच्या डोक्यावरून जातात. श्रीनिवासांना विमानांचं वेड. रुचिर लहान असताना दर रविवारी त्याला इथल्या विमानतळाजवळच्या चांगी बीचवर घेऊन जायचे आणि दोघं वाळूत उताणे पडून विमानांची पोटं बघायचे. पोरगं मोठं झालं, त्याला कंटाळा आला. यांना नाही आला. "एकदा माहोला उभं राहायचंय," हे मी पंधरा वर्षं ऐकत आले. या माणसाने आयुष्यात स्वतःसाठी मागितलेली ही एवढी एकच गोष्ट.

आता प्लॅनिंग म्हटलं की शैला. हे मी फुशारकी मारत नाही, इथल्या मंडळात कुणालाही विचारा. गणेशोत्सवात आमचं मंडळ दरवर्षी नाटक बसवतं, आणि पडद्यामागची सगळी व्यवस्था चौदा वर्षं माझ्याकडे आहे. होती. आमच्या नाटकाची तिसरी घंटा म्हणजे लोकांनी घड्याळ लावून घ्यावं. ती मीच वाजवणार, देव्हाऱ्यातली पितळी घंटा नेऊन, आणि ती झाली की सभागृहाचं दार बंद. एकदा तर उद्घाटनाच्या पाहुण्यांनाच मी पहिला अंक संपेपर्यंत बाहेर बसवलं होतं. लोक अजून ते सांगतात. मलाही ते ऐकायला आवडायचं.

क्रूझचं गणित नाटकासारखंच असतं. बोट सकाळी आठला बंदराला लागते. तुम्ही उतरा, बेटावर काय हवं ते करा, पण साडेतीनला परत आत पाहिजे. चारला बोट निघते. कुणासाठी थांबत नाही. मागे राहिलेल्या लोकांचे धक्क्यावरून धावतानाचे व्हिडिओ इंटरनेटवर आहेत, आणि बोटीवरचे लोक वरून टाळ्या वाजवत असतात. मी ते सगळे बघितले होते. म्हटलं, आपल्यातलं कुणी असं धावताना दिसता कामा नये.

सेंट मार्टिनच्या दिवसासाठी मी शीट बनवली. साडेसात तासांत तीन बीच. आधी माहो, विमानांसाठी. मग ओरिएंट, पोहण्यासाठी, म्हणजे स्मिता आणि रवींद्रने पोहायचं आणि मी काठावरून लक्ष ठेवायचं. शेवटी बंदराजवळचा, बसून नारळपाणी प्यायला. कॉलम अकरा: वेळ, जागा, कशाने जायचं, किती मिनिटं, कपडे कधी बदलायचे, तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा कुठे उघडायचा, सगळं. जानेवारीत बोटीच्या घड्याळात आणि बेटाच्या घड्याळात एक तासाचा फरक पडू शकतो, तेसुद्धा मी शोधून काढून लाल रंगात घातलं होतं. हे लाल रंगाचं लक्षात ठेवा.

एका सकाळी श्रीनिवास चहाचा कप घेऊन माझ्या मागे उभे राहिले.

"शैला, एक कॉलम वाढवतेस?"

"कसला?"

"टॉयलेटचा. कुठे कुठे आहे ते."

मी हसले. "अहो, लहान मूल आहात का तुम्ही? लागली की विचारायचं कुणाला तरी."

"नाही, म्हणजे माहीत असलं की बरं."

"सहलीला चाललोय, बालवाडीला नाही," मी म्हटलं. संध्याकाळी स्मिताला फोनवर हेही सांगितलं आणि आम्ही दोघी पोट धरून हसलो. श्रीनिवास तेव्हा दिवाणखान्यात पेपर वाचत होते. त्यांना ऐकू जात होतं.

खरं तर गेलं दीडएक वर्ष मी त्यांच्यावर वैतागलेच होते. हा माणूस पूर्वी इतका रेंगाळणारा नव्हता. आता कुठे निघालो की उंबऱ्यातून परत आत. हॉकर सेंटरला, म्हणजे खायच्या गाळ्यांच्या बाजारात, टेबल मिळालं की हे गायब. एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, मधल्याच स्टेशनला उतरायचे, "जरा पाय मोकळे करतो, तू हो पुढे." निवृत्तीने माणूस सैल पडतो असं मी ठरवून टाकलं. आणि सैल पडलेल्या माणसाला ताळ्यावर आणायला मला चांगलं येतं, असं मला वाटायचं.

म्हणून मी रंगीत तालीम काढली.

हसू नका. मंडळात आम्ही नाटकाच्या आधी सगळ्या वेशभूषेसह, घंटेसह तालीम करतोच. म्हटलं, या दिवसाचीही करू या. सिंगापूरच्या पूर्वेला सगळं होतंच: माहो म्हणजे चांगी बीच, तिथेही विमानं खाली येतात. ओरिएंट म्हणजे पासिर रिसचा बीच. बंदराजवळचा म्हणजे आमच्या घरासमोरचा ईस्ट कोस्ट. आणि बोट म्हणजे आमचं घर. सकाळी आठला उतरायचं, साडेतीनला परत. रवींद्र म्हणाला, "वहिनी, तुम्हाला दंडवत." पण रविवारी साडेसातला दोघं दारात हजर होते, टोप्या घालून, गळ्यात टॉवेल टाकून. त्यांनाही मजा वाटत होती.

चांगीला श्रीनिवास खुशीत होते. रवींद्रला दाखवत होते, हे अमुक विमान, याची चाकं बघ आता कशी बाहेर येतात ती. एक मोठं धूड डोक्यावरून गेलं तेव्हा या सहासष्ट वर्षांच्या माणसाने दोन्ही हात वर केले. "अजून दहा मिनिटं थांबू या का? त्याच्या मागे अजून एक आहे." मी घड्याळ दाखवलं. शीटवर माहोला पस्तीस मिनिटं होती, पस्तीस झाली होती. निघालो.

पासिर रिसला पुऱ्या खाल्ल्या, स्मिता-रवींद्र पाण्यात शिरले. निघायच्या वेळी हे म्हणाले, "आलोच," आणि गेले ते वीस मिनिटं. आमची बस गेली. मी इतकी तापले होते की स्टॉपवरच सगळ्यांसमोर म्हटलं, "आता पुढच्या वेळी कुणी थांबणार नाही. खऱ्या बोटीचा कप्तान तुमचा मेव्हणा नाहीये!" रवींद्र म्हणाला, "जाऊ द्या हो."

बसला गर्दी होती आणि रविवारची बस, जागोजागी थांबत चाललेली. स्मिता आणि मी पुढे बसलो, हे दाराजवळ दांडीला धरून उभे. अर्ध्या तासाने मी मागे वळून बघितलं तर यांनी पाठीवरची बॅग पुढे घेतलेली, दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली. कपाळावर घाम.

"बॅग पुढे घेऊन काय उभे आहात?" मी तिथून ओरडले. "इथे खिसेकापू नाहीत!"

बेडोकजवळ त्यांनी बेल दाबली. "शैला, मी इथे उतरतो. तुम्ही पुढे व्हा. मी येतो मागून."

"अहो पण कशाला?"

"येतो म्हटलं ना."

"जहाज थांबत नाही हं!" मी सगळ्या बसला ऐकू जाईल असं म्हटलं. मराठीत, म्हणजे कुणाला कळलं नसेल, पण हसले सगळे. हे बॅग तशीच धरून, बाजूबाजूने पावलं टाकत उतरले. मला वाटलं, रुसले.

आम्ही तिघं ईस्ट कोस्टला दहा मिनिटं टेकलो, भुयारी रस्त्याने घरी आलो. सव्वातीनला मी आमच्या चौघांच्या ग्रुपवर लिहिलं, पहिली घंटा. तीन पंचवीसला दुसरी. आणि साडेतीनला देव्हाऱ्यातली घंटा आणून दारात उभं राहून खणखणीत वाजवली आणि लोखंडी जाळीला कुलूप लावलं. आमच्या ब्लॉकमध्ये प्रत्येक घराला आतलं लाकडी दार आणि बाहेर जाळीचं दार असतं. लाकडी उघडं ठेवलं, म्हणजे गंमत दिसेल. स्मिताला कैरीचं पन्हं दिलं. आम्ही वाट बघत बसलो.

तीन सत्तेचाळीसला लिफ्ट वाजली.

मी फोन काढून व्हिडिओ सुरू केला. जे पुढे झालं ते मला शब्दन् शब्द पाठ आहे, कारण ते मीच चित्रित केलंय आणि नंतर किती वेळा बघितलंय ते सांगत नाही.

श्रीनिवास जाळीबाहेर येऊन उभे राहिले. सकाळी राखाडी पँट घालून गेलेला माणूस, आता अंगात गुडघ्याएवढी निळी हाफ पँट, फुलाफुलांची, कमरेला किमतीचं लेबल लोंबतंय. हातात लाल प्लास्टिकची पिशवी.

"जहाज सुटलं साहेब!" मी म्हटलं. "पुढचं बंदर उद्या सकाळी. पोहत या!"

ते हसले. व्हिडिओत हसताना दिसतात. "उघड, शैला."

"पासपोर्ट?"

"उघड ना गं."

"अगंबाई, चड्डी नवीन! आम्ही इथे घड्याळाकडे डोळे लावून बसलोय आणि साहेब खरेदीला! रवींद्र, बघितलंत? फुलं काय, रंग काय! बीचवर मिरवायला आत्तापासूनच?"

मागे स्मिताचं हसणं ऐकू येतं. शेजारच्या मिसेस टान भाजीची ट्रॉली ओढत कॉरिडॉरमधून आल्या, थांबल्या, बघून हसल्या. श्रीनिवासांनी पिशवी पाठीमागे घेतली.

"त्या पिशवीत काय आहे? कस्टम्सला दाखवा आधी. दाखवल्याशिवाय बोटीवर प्रवेश नाही!"

"काही नाहीये."

"मग लपवता कशाला? वर करा बघू."

आता ते हसत नव्हते. माझ्याकडे न बघता जाळीच्या कुलपाकडे बघत होते. "शैला," ते म्हणाले, "उघड."

"वहिनी, पुरे आता," रवींद्र म्हणाला. "घ्या त्याला आत."

व्हिडिओ दोन मिनिटं आणि नऊ सेकंदांचा आहे. मग मी उघडलं. ते सरळ बाथरूममध्ये गेले आणि मी मागून म्हटलं, "आता तिथे तरी पुढचं बंदर येईपर्यंत बसू नका!" आणि व्हिडिओ मंडळाच्या ग्रुपवर टाकला. दोनशे अकरा लोक. वर लिहिलं, बोट चुकलेला प्रवासी.

पाच वाजता रवींद्र आणि स्मिता गेले. रवींद्रने जाताना बाथरूमच्या दाराशी "चल रे" म्हटलं, आतून "हो, ये" एवढंच आलं. माझा फोन टणटणत होता. हसणारे चेहरे, टाळ्या. आमच्या मंडळाच्या अध्यक्ष अनघाताई, त्यांनी लिहिलं, "यंदाच्या नाटकात श्रीनिवासरावांना हीच भूमिका!" मी सोफ्यावर पाय घेऊन बसले होते आणि एकेकाला उत्तरं देत होते. फार छान वाटत होतं मला. हे मला लिहायलाच हवं.

ते दोघं जाऊनही पाऊण तास झाला तरी नळ वाहतोय असं लक्षात आलं, तेव्हा उठले.

"अहो, काय चाललंय?"

नळ बंद झाला.

"दार उघडा."

कडी निघाली. श्रीनिवास बादलीजवळ स्टुलावर बसले होते. बादलीत राखाडी पँट, फेस, हातात कपड्यांचा ब्रश. छत्तीस वर्षांच्या संसारात या माणसाने स्वतःचा रुमाल धुतलेला मी बघितला नाही. लाल पिशवी उलटी करून नळावर वाळत घातली होती. आणि साबणाच्या वासाखाली तो दुसरा वास होता. मी आई आहे, सासऱ्यांचं आजारपण केलेली सून आहे. मला तो वास कळतो.

"बसमध्ये?" मी विचारलं.

त्यांनी मान हलवली. "उतरायच्या आधीच झालं होतं."

म्हणजे मी "खिसेकापू नाहीत" म्हणून ओरडले तेव्हा. म्हणजे ती बॅग.

मी दाराच्या चौकटीला टेकले. कधीपासून, म्हटलं. दीड वर्ष, म्हणाले. प्रोस्टेट वाढलंय, डॉक्टरकडे जातो, गोळी चालू आहे. "तुला बीपीची दुसरी गोळी म्हणून सांगितली ना, ती." डॉक्टरने सांगितलंय, घाबरण्यासारखं काही नाही, फक्त लागली की थांबवता येत नाही, जागा माहीत असली की निभतं. पासिर रिसला टॉयलेटला जाऊन आले होते, तरी बसमध्ये तासाभरात पुन्हा लागली. बेडोकला दुकानाच्या मागच्या टॉयलेटमध्ये पँट धुतली, ओल्या पँटने बाहेर येऊन जी पहिली दिसली ती हाफ पँट घेतली. "फुलाफुलांचीच होती. दुसरी मापाची नव्हती." हे त्यांनी सांगितलं, जसं काही मी त्याचाच जाब विचारत होते.

"मला का नाही सांगितलंत?"

ते ब्रशकडे बघत राहिले. रागावून बोलले असते तर बरं झालं असतं. मी भांडू शकले असते.

"तू स्मिताला सांगितलं असतंस," ते म्हणाले. "कवळीचं सांगितलंस तसं."

मागच्या दिवाळीच्या फराळाला, वीस माणसांत, मी यांची कवळी बासुंदीच्या वाटीत कशी पडली ते साभिनय सांगितलं होतं. खूप हशा झाला होता. हेही हसले होते. हे नेहमीच हसतात. मला वाटायचं, आमचा संसार असा आहे, मी बोलायचं आणि त्यांनी हसायचं. त्यांना चालतं असं मी धरून चालले होते. विचारलं कधीच नव्हतं.

"द्या, मी धुते," असं म्हणून मी वाकले. त्यांनी बादली पायाने स्वतःकडे ओढली.

"नको. मी करतो." मग म्हणाले, "जानेवारीत मी बोटीवरच थांबेन. तुम्ही तिघं उतरा. बोटीवर सगळं जवळ असतं."

"आणि माहो?"

"आज चांगीला बघितली की विमानं."

फोन दिवाणखान्यात अजून टणटणत होता.

मी जाऊन तो व्हिडिओ काढून टाकला. सगळ्यांसाठी काढला, पण दोन तास होऊन गेले होते, आणि लोकांनी पुढे पाठवलेला मी कसा काढणार? तेवढ्यात रुचिरचाच फोन आला. त्याच्याकडे सकाळ होती. अनघाताईंच्या मुलीने, क्षिप्राने, त्याला पाठवला होता.

"आई, डॅम फनी, ला!" अजून तेच सिंगापुरी "ला". "बाबा ती पिशवी का हाइड करतायत? तुझ्यासाठी सरप्राइज होतं का?"

"हो," मी म्हटलं. "तसंच काहीतरी." फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले. लाज वाटते म्हणजे नेमकं काय होतं, ते मला एकोणसाठाव्या वर्षी कळलं. कान तापतात. स्वतःचा आवाज ऐकू येत राहतो, तोच तो, "वर करा बघू," आणि थांबवता येत नाही.

ग्रुपवर विचारणा सुरू झाली. काढला का? श्रीनिवासराव रागावले वाटतं? अहो चेष्टा होती, त्यात काय! कुणीतरी लिहिलं, शैलाताई, नवऱ्याला एवढं घाबरता होय?

आता मी काय लिहायचं? गप्प राहिले तर हे रागीट ठरत होते. त्यांची तब्येत बरी नव्हती म्हटलं तर अर्ध्या तासात दहा फोन आले असते, काय झालं, कुठला डॉक्टर. खरं सांगून माफी मागावी, तर माफी माझी आणि पुन्हा अब्रू त्यांची. स्मिताचा वेगळा मेसेज आला, "काय गं, सगळं ठीक ना?" माझी बोटं सवयीने लिहायला लागलीसुद्धा, "अगं काय सांगू..." ते मी पुसलं. आयुष्यात पहिल्यांदा पुसलं असेल.

मग ग्रुपवर लिहिलं: "श्रीनिवास अगदी वेळेवर आले होते. चूक माझी. बोटीच्या आणि बेटाच्या घड्याळात एक तासाचा फरक असतो, तो मी शीटमध्ये धरलाच नव्हता. जहाज साडेचारला होतं. खऱ्या प्रवासात मी सगळ्यांनाच गोंधळात पाडलं असतं. त्यांना उगाच दारात उभं केलं, त्यांची सगळ्यांसमोर माफी मागते. कृपया व्हिडिओ कुणाकडे असेल तर काढून टाका."

पाठवलं. मग जे सुटले लोक! शैलाताईंची घंटा चुकली! चौदा वर्षांचा विक्रम मोडला! ज्या पाहुण्यांना मी बाहेर बसवलं होतं त्यांच्या बायकोने लिहिलं, "तेव्हाही तुमचंच घड्याळ पुढे असेल." मी प्रत्येकाला हसरा चेहरा पाठवला. दात-ओठ खात पाठवला, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी सकाळी अनघाताईंचा फोन आला. गोड बोलतात त्या. "शैलाताई, यंदा नाटकाचं काम मंडळातल्या आपल्या प्रणिताकडे देऊ या म्हणते. तुमची प्रवासाची गडबड, आणि आता वेळेचंही जरा... म्हणजे चेष्टा करतेय हं! घंटा तेवढी तिच्याकडे द्याल ना?"

जिभेच्या टोकावर होतं. एक वाक्य बोलले असते की त्या बाईची बोलती बंद झाली असती, माझं घड्याळ चुकलं नव्हतंच हे कळलं असतं, वर सहानुभूती मिळाली असती. श्रीनिवास समोर जेवणाच्या टेबलाशी चहा पीत होते. माझ्याकडे बघत नव्हते, पण कप हातात तसाच धरलेला.

"हो," मी म्हटलं. "प्रणिता करेल छान. घंटा आमच्या देव्हाऱ्यातली आहे, तिला तिची आणायला सांगा."

फोन ठेवल्यावर ते म्हणाले, "तो तास तू धरला होतास. लाल रंगात."

"हो."

"मी बघितला होता."

त्यांनी कप विसळून ठेवला, तोही स्वतःच, आणि खुर्चीवर परत येऊन बसले. मी लॅपटॉप आणला. शीट उघडली. ओरिएंट बीचची ओळ काढली, मग बंदराजवळच्याची काढली, राहिला एकटा माहो. पस्तीस मिनिटं पुसून तिथे काही लिहिलं नाही. शेवटी एक कॉलम वाढवला आणि लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला.

"सांगा," मी म्हटलं. "किती वेळाने लागते, कुठे कुठे थांबायचं, सगळं सांगा. मी शोधून काढते. रवींद्र-स्मिताला वेगळी शीट देईन, ते त्यांचे फिरतील. हे कुणाला कळणार नाही."

त्यांनी त्या रिकाम्या कॉलमकडे बघितलं. मग टेबलावर माझ्या हाताशी पडलेल्या फोनकडे.

"आधी तो आत ठेवून ये," ते म्हणाले.

मी उठले. फोन बेडरूममध्ये नेला, कपाटात साड्यांखाली ठेवला, कपाट लावलं, बेडरूमचं दार ओढून घेतलं आणि परत येऊन बसले.

"ठेवला," मी म्हटलं, आणि दोन्ही हात त्यांना दिसतील असे टेबलावर ठेवले.

त्यांनी हातांकडे बघितलं. मग बेडरूमच्या बंद दाराकडे बघितलं. आणि मग, छत्तीस वर्षं संसार केलेल्या बायकोला सांगताना, घरात तिसरं कुणी नसताना, इतक्या हळू आवाजात सुरुवात केली की मला पुढे वाकून ऐकावं लागलं.